कोटेशनच्या खालच्या ओळी

गाडीचं कोटेशन खालून वर वाचावं. वरच्या ओळीत एक्स-शोरूम, म्हणजे रस्ता कर आणि विमा धरण्याआधीची, किंमत असते. ती कंपनी ठरवते, शहरागणिक तिच्यात फारसा फरक पडत नाही आणि तिच्याशी हुज्जत घालून हाती थोडंच लागतं. खाली उतरू लागलं की अक्षर बारीक होत जातं आणि आकडे गोल व्हायला लागतात. ही गोलाई बघायची. सरकार सहसा गोल आकड्यात पैसे घेत नाही. टक्केवारीतून निघालेला कर १,०७,७८९ रुपये असतो, १,२५,००० नसतो. जिथे तीन शून्यं रांगेत उभी दिसतील तिथे पेन्सिल टेकवायची आणि विचारायचं, हे कुणाचे?

माझं हे ज्ञान पुस्तकातलं नाही. सांगलीतल्या एका सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर माझी बरीचशी नोकरी झाली. कर्जाच्या अर्जाला पहिला कागद जोडलेला असायचा तो कोटेशनचा. किती कर्ज द्यायचं याचा हिशेब त्यावरूनच, त्यामुळे कोटेशन वाचणं हे कामच होतं. निवृत्त झाले तरी ते सुटलेलं नाही. नात्यातलं, गल्लीतलं कुणी गाडी घ्यायला निघालं की कागद घेऊन दारात हजर. आमचे हे म्हणतात, सांगलीत नवी गाडी घेणाऱ्याला दोन ठिकाणी जावंच लागतं, एक गणपतीच्या देवळात आणि दुसरं आपल्या घरी. फक्त गणपती प्रश्न विचारत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात माझा भाचा असाच आला. नोकरी पुण्यात, पण दाजींचा हट्ट असा की गाडी सांगलीतच घ्यायची आणि नंबर एमएच-१० चाच पाहिजे. तो महिना गाडीबाजाराला मोठा विचित्र गेला. एरवी पितृपक्षात शोरूम ओस पडतातच. त्यात ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने जाहीर केलं की चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २२ तारखेपासून अठरा टक्के होणार. त्याआधी अठ्ठावीस टक्के आणि वर एक टक्का उपकर होता. २२ तारखेला घटस्थापना. पंचांगकर्त्यालाही असा योग जुळवता आला नसता. त्यामुळे पितर आणि परिषद या दोघांच्या आज्ञेने गिऱ्हाईक घरी बसलं, आणि घटस्थापनेला सगळे एकदम बाहेर पडले.

भाच्याने पितृपक्षातच चौकशी करून ठेवली होती, त्यामुळे माझ्यासमोर दोन कोटेशनं होती : करकपातीच्या आधीचं आणि नंतरचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. पहिली ओळ झकास उतरली होती, ९,७९,९०० वर आली होती. ती उतरली म्हणून तिच्यावर टक्क्याने बसणारा रस्ता कर उतरायला हवा, विम्याचा हप्ता थोडा उतरायला हवा. पण खालच्या ओळी जागच्या जागी होत्या. ‘आरटीओ’ तेव्हाही १,२५,००० आणि आत्ताही १,२५,०००. दिल्लीने दिलेली सवलत सांगलीच्या काउंटरवर येईतो मधेच कुठेतरी बसून राहिली होती.

शोरूममध्ये आमच्या वाट्याला आलेला मुलगा चांगला होता. मिरजेचा, नुकताच लागलेला, गळ्यातल्या टायशी अजून जमवून घेत असलेला.

“यात आरटीओ म्हणजे काय काय आलं?” मी विचारलं.

“टॅक्स, रजिस्ट्रेशन, सगळं आलं मॅडम.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे पासिंग, नंबर प्लेट, स्मार्ट कार्ड, फाईल चार्जेस...”

“फाईल कुणाची?”

तो काचेच्या केबिनकडे बघायला लागला. केबिनमधले साहेब फोनवर होते.

त्याची अडचण मला कळत होती. त्याला जो तक्ता दिलेला असतो त्यात ती बेरीज एकच असते, फोड त्यालाही ठाऊक नसते. म्हणून पेन मी घेतलं. महाराष्ट्रात पेट्रोलची गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर दहा लाखांपर्यंत किमतीच्या अकरा टक्के, दहा ते वीस लाखांना बारा, त्यापुढे तेरा टक्के कर. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. ९,७९,९०० चे अकरा टक्के म्हणजे १,०७,७८९. गाडीची नोंदणी फी सहाशे रुपये. कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे पंधराशे. स्मार्ट कार्डाचे दोनशे. टपाल आणि उपकर धरून आणखी किरकोळ. कितीही सढळ हाताने बेरीज केली तरी सव्वा लाखाला दहा हजारांहून जास्त कमी पडत होते, आणि हे दहा हजार सरकारच्या नावाखाली बसले होते.

दुकानदाराने चार पैसे मिळवू नयेत असं मी म्हणणार नाही. मात्र ते आपल्या नावाने मिळवावेत. हँडलिंग चार्जेस असं उघड लिहिलं तर गिऱ्हाईक निदान भुवई उंचावतं. तेच पैसे ‘आरटीओ’च्या पोटात घातले की प्रश्नच संपतो, कारण आरटीओशी वाद घालायचा नसतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सरकारी खात्याबद्दल वाटणारी ही भीती आणि कंटाळा, याचंच भांडवल होतं.

हँडलिंगचीही या मुलाच्या कागदावर वेगळी ओळ होतीच, साडेआठ हजारांची; फक्त नाव ‘लॉजिस्टिक्स’. अनेक राज्यांच्या परिवहन खात्यांनी हे शुल्क घेऊ नका असं बजावलेलं आहे. प्रत्येक फतव्यानंतर ओळीचं नाव बदलतं. इन्सिडेंटल, डेपो, फॅसिलिटेशन, सर्व्हिस. मी सगळी बारशी पाहिली आहेत. विचारलं तर सांगतात, गाडी कारखान्यातून आणायला खर्च येतो, यार्डात ठेवायला खर्च येतो, पासिंगला माणूस पाठवावा लागतो. यातला पहिला खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. दुकानात माल आणण्याचं भाडं दुकानदार वेगळं मागत नाही. आणि पासिंगचं म्हणाल तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या राज्यात नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करणं ही विक्रेत्याचीच जबाबदारी आहे. नंबर लावल्याशिवाय त्याने गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. पूर्वी गाडी आरटीओच्या मैदानात नेऊन तपासून घ्यावी लागे, तेही आता बहुतेक उरलेलं नाही. अर्ज ऑनलाइन, कर ऑनलाइन. सुरक्षा नंबर प्लेटही १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना कंपनीनेच द्यायची आहे. माणूस पाठवतात म्हणजे नेमका कुठे पाठवतात, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

विम्याची ओळ ४९,००० ची होती. पुन्हा तीन शून्यं.

गाडीच्या विम्यात दोन तुकडे असतात. तिसऱ्या माणसाचं नुकसान भरून देणारा तुकडा सक्तीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून तो नव्या मोटारीला एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे हजार ते पंधराशे सीसीच्या खाजगी मोटारीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, वर जीएसटी. कुठल्याही कंपनीकडे जा, हा आकडा तोच. दुसरा तुकडा आपल्या गाडीच्या नुकसानीचा. तो एका वर्षाचा घेतला तरी चालतो, आणि त्याचे दर २००७ पासून खुले आहेत. सगळा खेळ या तुकड्यात. त्याच कंपनीचा, तितक्याच विमा-मूल्याचा, झिरो डेप (म्हणजे घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन संरक्षण धरून तोच विमा भाच्याने खुर्चीत बसल्या बसल्या फोनवर काढून बघितला, तर पस्तीस हजारांच्या आत बसत होता. साहेब केबिनमधून बाहेर आले ते या टप्प्यावर.

“बाहेरचा विमा घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही हां सर.” आता मॅडमशी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे पैसे पदरचे न मोजता विमा कंपनीने परस्पर देणं, ही विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातली व्यवस्था आहे. ज्या कंपनीचा विमा तुम्ही काउंटरवर विकता, तिचाच विमा बाहेरून घेतला तर तुमच्या वर्कशॉपला तो चालत कसा नाही? विमा नियामकाने शोरूमवाल्यांना विमा विकायची परवानगी दिली ती २०१७ च्या नियमावलीने, आणि आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती करायला त्याच नियमावलीत मनाई आहे. मी एवढंच म्हटलं, “हे कॅशलेस होणार नाही असं लेटरहेडवर लिहून द्या.” लिहून द्या म्हटलं की बरीच संकटं आपोआप टळतात. नोकरीने मला शिकवलेली ही एकमेव युक्ती, आणि ती आजवर वाया गेलेली नाही.

बेसिक किटबद्दल फार लिहीत नाही. पायपुसणी, सीट कव्हर, मडफ्लॅप, गाडीची खोळ, सुगंधी बाटली आणि डॅशबोर्डवरचा गणपती मिळून अठरा हजार. त्यातल्या सीट कव्हरचं मात्र सांगायला हवं. सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर त्यावर साधं कव्हर चढवणं म्हणजे एअरबॅगला उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवण्यासारखं. आणि पुढच्या बंपरला लावायचा तो लोखंडी बुलबार. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून त्यावर कारवाई करायला सांगितलं, तरी कितीतरी दुकानांत तो ॲक्सेसरीजच्या यादीत आहे. म्हणजे दंड होईल अशी वस्तू, वर तिचे पैसे आपणच द्यायचे.

मोटारीचं एक वेळ ठीक आहे. दहा लाख काढणारा माणूस वीस हजारांनी बुडत नाही, त्याला राग येतो आणि जातो. माझा जीव तुटतो तो दुचाकीच्या कोटेशनवर. आमच्या भागातली एक अंगणवाडी सेविका स्कूटरचा कागद घेऊन आली होती. त्यात साडी गार्डचे पैसे, मागे बसणाऱ्याने धरायच्या हँडलचे पैसे, हेल्मेटचे पैसे, असं सगळं ‘ॲक्सेसरीज’ म्हणून मांडलेलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम म्हणतो की प्रत्येक मोटारसायकलला मागच्या माणसासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. म्हणजे साडी गार्ड हा गाडीचाच भाग. ते हौसेचं सामान नव्हे. हेल्मेटही विक्रीच्या वेळी गाडीबरोबर उत्पादकाने द्यायचं, हे १३८ व्या नियमात आहे. ज्या बाईच्या पदरासाठी हा नियम झाला, तिच्याकडूनच त्याचे हजार-बाराशे रुपये वसूल करायचे? आणि ती देते, कारण तिला वाटतं साडी आपण नेसतो, म्हणजे गरज आपली.

तिच्यासोबत मी दुकानात गेले. मालक ओळखीचे निघाले, लगेच तिन्ही ओळी खोडल्या. “तुमच्यासाठी मॅडम.” मला त्या वाक्याचा जास्त राग आला. माझ्यासाठी कशाला? मी तर बसने फिरते.

जुनी माणसं म्हणतात, पूर्वी असलं काही नव्हतं. पूर्वी याहून वाईट होतं. परमिट-कोट्याच्या काळात आकुर्डीच्या कारखान्यातून येणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. परदेशात कुणी असेल आणि त्याने डॉलर पाठवले तर नंबर लवकर लागे. लग्नाच्या बोलण्यात स्कूटरचा नंबर हा एक मुद्दा असे. ज्याला थांबवत नसे तो ‘ऑन’ देऊन घेई. नंबर लागलेला माणूस आपली नवीकोरी स्कूटर किमतीच्या वर घसघशीत रक्कम घेऊन दुसऱ्याला विकायचा आणि परत रांगेत उभा राहायचा. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० आली तेव्हाही दहा हजार रुपये भरून सोडतीची वाट बघावी लागली, आणि ज्यांचं नाव लागलं त्यांच्या दारात ऑनवाले आलेच. माझ्या टेबलावर तेव्हाचे जे जुने कागद होते त्यांत कोटेशन एका ओळीचं असे. ऑन कागदावर नसायचा. तो रोख, घडी घालून दिला जाई, आणि घेणारा-देणारा दोघंही त्याला ऑनच म्हणत. आता तो छापील आहे, त्याच्यावर जीएसटी लागतो, आणि बँक त्यालाही कर्ज देते.

मधल्या काळात गाड्या मुबलक झाल्या तसा तो पार गेला होता. २०२१ नंतर चिपच्या टंचाईने गाड्यांचे कारखाने रखडले, काही मॉडेलांसाठी वर्ष-दीड वर्ष थांबायची पाळी आली आणि ऑन नव्या वेषात परतला : “ॲक्सेसरीज पन्नास हजारांच्या घेतल्या तर डिलिव्हरी लवकर बसवता येईल.” एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. हे काउंटरवर सांगितलं तर पोरं हसतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक सांगितला, तर थोडं कमी हसतात.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. मला वाटायचं तिकडे सगळं पारदर्शक असेल. अमेरिकेत १९५८ पासून कायदा आहे, ओक्लाहोमाचे सिनेटर मनरोनी यांच्या खटपटीने झालेला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची सुचवलेली किंमत आणि कशाचे किती हे छापून चिकटवावं लागतं. तिने पाठवलेल्या फोटोत ते छापील लेबल होतं, आणि त्याच्या शेजारीच दुकानदाराने आपलं दुसरं लेबल लावलं होतं : ‘मार्केट ॲडजस्टमेंट’, काही हजार डॉलर. खाली टायरमध्ये नायट्रोजन भरल्याचे पैसे, काचेवर नंबर कोरल्याचे पैसे, कागदपत्रांची फी वेगळी. ती फी किती असावी यावर काही राज्यांत मर्यादा आहे, काहींत नाही. तिथल्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये या सगळ्याला आवर घालणारा नियम केला. विक्रेत्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण आयोगाने पूर्वसूचनेची पायरी गाळली होती. बहिणीने फोनवर विचारलं, “तुमच्याकडे कसं गं?” मी म्हटलं, आमच्याकडे दुसरं लेबल पहिल्यातच मिसळून देतात.

तरीही शोरूमवाल्याच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण कर्जाच्या टेबलावर तेही येत. गाडीमागे त्यांना सुटणारी रक्कम खरंच थोडी असते, आणि स्पर्धेत त्यातलीही सूट म्हणून द्यावी लागते. कंपनीला गाडीचे पैसे आधी मोजायचे, ते बँकेकडून उचलायचे, गाडी यार्डात उभी असेल तितके दिवस व्याज चालू. शोरूमला काच किती, फरशी कुठली, सोफा कसला हे कंपनी सांगणार आणि खर्च यांचा. महिन्याचं टार्गेट कंपनीचं. मग नफा उरतो तो सर्व्हिस, विमा, कर्जाचं कमिशन आणि ॲक्सेसरीज यांत. म्हणजे कंपनी वरच्या ओळीत सभ्य राहते आणि खालच्या ओळींत जे करायचं ते दुकानदाराकडून होतं. त्या मिरजेच्या मुलाचा पगारही बहुधा खालच्या ओळींवरच वाढत असणार; गाडी विकली याचं कौतुक होतं आणि किट विकलं याचे पैसे मिळतात. हे सगळं समजून घेऊनही माझं मत बदलत नाही. धंदा परवडत नसेल तर किंमत वाढवा. ती वरच्या ओळीत लिहा. आम्ही ठरवू.

कर्जाचंही इथेच सांगून टाकते, कारण त्या काउंटरवर कर्जही मिळतं आणि त्यातही खालच्या ओळी असतात. “साडेपाच टक्के फ्लॅट” ऐकून लोक हरखतात. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज. तुम्ही फेडलेल्या हप्त्यांचा हिशेबच नाही. पाच वर्षांसाठी साडेपाच टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकेवर जवळजवळ दहा टक्के. लाखाला महिना २,१२५ रुपये हप्ता दोन्हीकडे येतो, करून बघा. आणि ऑन-रोड, म्हणजे खालच्या ओळींसकटच्या पूर्ण रकमेवर कर्ज घेतलं तर ते साडेआठ हजारांचं लॉजिस्टिक्सही कर्जात जातं. सात वर्षांत दहा टक्क्यांनी त्याचे जवळजवळ बारा हजार होतात. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली तर दुकानदार एक टक्का टीसीएस घेतो, तो मात्र निर्धास्त द्यावा. तो आयकर खात्यात आपल्याच नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करता येतो. गंमत अशी की कोटेशनमधला हा एकच पैसा आपला असतो, आणि घासाघीस करताना लोक सगळ्यात आधी तोच कमी करा म्हणतात.

दाजींना माझी ही चिकित्सा मुळीच आवडली नाही. “दहा लाखांची गाडी घ्यायची आणि आठ हजारांसाठी कशाला चेहरा पाडून घ्यायचा? शुभकाम आहे.” हेच वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की शोरूमवाले ते शिकवून पाठवतात की काय अशी शंका येते. आपली खरेदी साडेतीन मुहूर्तांना बांधलेली. दसरा, पाडवा, अक्षय्यतृतीया, आणि वर धनत्रयोदशी. त्या दिवशी गाडी दारात यायलाच हवी हे दुकानदाराला आपल्याइतकंच माहीत असतं. बाहेर गाडीवर लाल कापड टाकलेलं, आई ताम्हण घेऊन उभी, पेढे आणलेले, फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर किल्ली तयार. तेवढ्यात अकाउंटमधून बोलावणं येतं की सर, एवढं बॅलन्स राहिलंय. त्या क्षणी कुठल्या आईचा मुलगा लॉजिस्टिक्सची फोड मागेल? म्हणून माझा एकच आग्रह असतो : भांडायचं ते पितृपक्षात भांडून घ्या. दुकान रिकामं असतं, साहेब चहा पाजतात, आणि टार्गेट त्यांच्या मानगुटीवर असतं. ठरलेला आकडा ओळींसकट सही-शिक्क्याने घ्या, आणि मग दसऱ्याला खुशाल नारळ फोडा.

भाच्याने पितृपक्षात चौकशी केली, सही घेतली नव्हती. तरी नवरात्राच्या गर्दीत जेवढं झालं ते वाईट नव्हतं. विमा बाहेरून घेतला. किटमधली पायपुसणी तेवढी ठेवली, आणि गणपती, कारण तो परत करणं दाजींना पटेना. कोटेशनमधलं रंगावरचं कोटिंग गेलं. वाढीव वॉरंटी मीच ठेवायला सांगितली. ती कंपनीची होती, दुकानाची नव्हती, आणि हल्लीच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स बघता ती वाया जाईलसं वाटत नाही. लॉजिस्टिक्सवर साहेब अडून बसले. “ते सिस्टीममधून येतं सर, आम्हाला काढताच येत नाही.” मग त्यांनी तेवढीच रक्कम गाडीच्या किमतीत ‘स्पेशल डिस्काउंट’ म्हणून दिली. बेरीज तीच आली, ओळ मात्र शाबूत राहिली. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला ती लागते.

राहिला आरटीओचा सव्वा लाख. तो आम्ही भरला, कारण अंदाज म्हणून आगाऊ रक्कम घेतोय, पावतीप्रमाणे हिशेब करू असं त्यांनी लिहून दिलं होतं. दसऱ्याला गाडी आली. नंतर भाच्याने सरकारच्या वाहन पोर्टलवरून कराची आणि फीची पावती काढली, मी दोन्ही कागद घेतले आणि शोरूमच्या अकाउंट खात्यात गेले. तिथे एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी पावती बघितली, लिहून दिलेला कागद बघितला, पुन्हा पावती बघितली.

“बरोबर आहे ओ तुमचं. पण सर्व्हिसला ॲडजस्ट करूया की. पहिली सर्व्हिस येईलच.”

“नको. खात्यावर पाठवा.”

त्यांनी बराच वेळ कॉम्प्युटरवर खाली-वर केलं. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, आरटीओचे पैसे परत द्यायचं हेडच नाहीये आमच्याकडे. आजवर कुणी मागितलेच नाहीत.”

मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “मग उघडा.”